घरचा व्हीपीएन: बाहेरगावाहून दुकानातला संगणक आणि गावाकडचा डीव्हीआर उघडण्यासाठी

लातूरच्या मोंढ्यात आडत आहे, टॅली दुकानातल्या एकाच संगणकावर आहे आणि हिशोब बघणारा पुण्यात बसतो. किंवा आई-वडील अंबाजोगाईला, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर तिथे आणि मुलगी नोकरीला छत्रपती संभाजीनगरात. दोन्हीकडे हवं ते एकच: बाहेरून आपल्या घरच्या नेटवर्कमध्ये असं शिरायचं की दुसऱ्या कुणाला शिरता येऊ नये.

यावर गल्लीबोळात चालणारा उपाय म्हणजे कॅमेरे बसवणारा येतो, राऊटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचं क्रमांकाचं दार, उघडतो, मोबाइलवर चित्र दाखवतो आणि बिल घेऊन जातो. तो पोर्ट नंतर वर्षानुवर्षं साऱ्या जगाला उघडा राहतो. असे पोर्ट हुडकत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर असेच लाखांनी ताब्यात घेतले होते. दुरून संगणक चालवू देणाऱ्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट थेट उघडा ठेवणं तर त्याहून वाईट. डेटा अडकवून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअर टोळ्यांची ती ठरलेली वाट आहे, आणि एके सकाळी टॅलीचा सगळा डेटा कुलूपबंद झालेला सापडतो.

व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून आपल्या घरापर्यंत जाणारा कुलूपबंद खासगी बोगदा, लावला की बाहेरून एकच दार उरतं, तेही किल्ली असलेल्यालाच उघडतं. वायरगार्ड या व्हीपीएनचं वैशिष्ट्य असं की चुकीची किल्ली घेऊन आलेल्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे इथे दार आहे हेही बाहेरच्याला कळत नाही.

एक आधीच सांगून टाकतो. फक्त कॅमेऱ्याचं चित्र बघायचं असेल आणि डीव्हीआर कंपनीच्या अ‍ॅपवर भरवसा असेल, तर क्यूआर कोड स्कॅन करून चालणारं ते अ‍ॅप पुरेसं आहे, त्याला पोर्टही उघडावा लागत नाही. शेतातली मोटार चालू-बंद करायची असेल तर सिमकार्डवाला मोबाइल स्टार्टर घ्या, त्यात व्हीपीएन घालू नका. संगणक, फायली, प्रिंटर, डीव्हीआर असं सगळंच हवं असेल तर मात्र पुढे वाचा. (या लेखात अंक मराठीत छापले आहेत. टाइप करताना इंग्रजी अंक आणि इंग्रजी अक्षरंच टाकायची.)

आधी लाइन तपासा, सामान नंतर घ्या

सगळं काही या एका तपासणीवर ठरतं, आणि नेमकी हीच लोक करत नाहीत. राऊटरच्या पानावर जा (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१, जिओच्या राऊटरला १९२.१६८.२९.१) आणि ‘स्टेटस’ किंवा ‘वॅन’ खाली दिसणारा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) लिहून घ्या. मग त्याच वायफायवरून गूगलमध्ये ‘व्हॉट इज माय आयपी’ शोधा. आयपीव्ही४चा, म्हणजे ठिपक्यांनी विभागलेल्या चार आकड्यांचा पत्ता दोन्हीकडे सारखा आला तर तुमच्याकडे पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येणारा पत्ता आहे.

वेगळा आला, आणि राऊटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होणारा असला, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. आयपीव्ही४ चे पत्ते संपत आल्यामुळे कंपनी एकाच पत्त्यामागे शेकडो घरं बसवते. अपार्टमेंटला एकच पोस्टाची पेटी असावी तसं हे आहे: तुमची पत्रं बाहेर जातात, पण नुसत्या इमारतीच्या नावाने आलेलं पत्र कुठल्या फ्लॅटचं हे पोस्टमनला कळत नाही. अशा लाइनवर राऊटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस तुमच्या राऊटरपर्यंत पोचतच नाही. पत्ता १०. किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असला तर अर्थ बहुधा तोच. १९२.१६८ ने सुरू होत असला तर मात्र बहुतेकदा तुमच्या राऊटरच्या पुढे कंपनीचा ओएनटी (फायबरची वायर जिथे येते तो डबा) हाही राऊटर म्हणूनच चालतो आहे. मग ओएनटीच्या पानावर जाऊन तीच तपासणी पुन्हा करायची.

फायबरवाल्याला फोन करताना ‘स्टॅटिक आयपी’ (कायम तोच राहणारा) मागितला की तो महिन्याचा वेगळा दर सांगतो. आधी एवढंच विचारा: ‘सीजीनॅटच्या बाहेरचा पब्लिक आयपी मिळेल का? डायनॅमिक असला तरी चालेल.’ लहान केबलवाल्यांकडे कधीकधी नुसत्या विनंतीवर काम होतं. सिमकार्डच्या राऊटरवर मात्र त्या आशेवर राहू नका.

पब्लिक आयपी आहे तर पुढचा पहिला रस्ता, नाही तर दुसरा. दुसरा रस्ता कमी प्रतीचा नाही, नवख्याला उलट तोच सोपा जातो.

दोन्ही रस्त्यांआधी: घरचा पत्ता बदला

घरचं नेटवर्क १९२.१६८.१ चं आणि पुण्यातल्या खोलीतलं वायफायही १९२.१६८.१ चंच असेल तर व्हीपीएन लागूनही काही उघडत नाही. तुम्ही १९२.१६८.१.५० मागता आणि फोन ते शेजारच्या खोलीत शोधतो. दोन्ही घरी एकाच कंपनीचे राऊटर असले की हे हमखास होतं. म्हणून गावाकडच्या राऊटरच्या ‘लॅन’ सेटिंगमध्ये पत्ता १९२.१६८.४७.१ असा काहीतरी आडवळणाचा करा. पहिले दोन आकडे तसेच ठेवा, तिसरा ४७ हा तुमच्या मनाचा, २ ते २५४ मधला कोणताही. २९ तेवढा टाळा.

बदल केला की डीव्हीआर गायब होतो. घाबरू नका. त्याच्यात जुना पत्ता हाताने टाकलेला असतो (दाहुआच्या यंत्रांत मुळात १९२.१६८.१.१०८, हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यांत १९२.१६८.१.६४). डीव्हीआरला मॉनिटर आणि माऊस लावा, नेटवर्क सेटिंगमध्ये जा आणि तीन गोष्टी भरा: आयपी १९२.१६८.४७.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.४७.१. यातला गेटवे लोक विसरतात. घरात चित्र दिसतं, बाहेरून दिसत नाही, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा गेटवे जुनाच राहिलेला असतो. डीव्हीआरला निरोप पोचतो, पण परतीचा रस्ता ठाऊक नसतो.

संगणकाला मात्र पत्ता हाताने देऊ नका. राऊटरमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असतं, तिथे त्याच्या नावापुढे १९२.१६८.४७.६० पक्का करा. डीव्हीआर आणि संगणक, दोघांचेही पत्ते कागदावर लिहून राऊटरच्या खाली चिकटवून ठेवा. फोनवर वडिलांना ‘तो कागद वाचा’ म्हणता आलं की अर्धं काम होतं.

याच बैठकीत जुने उघडे पोर्ट काढून टाका, ‘यूपीएनपी’ (उपकरणांनी आपणहून पोर्ट उघडण्याची सोय) बंद करा आणि राऊटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला.

पहिला रस्ता: पब्लिक आयपी असेल तर राऊटरमध्येच वायरगार्ड

टीपी-लिंक आणि आसूसच्या काही मॉडेलांत, तसंच सातव्या आवृत्तीपासूनच्या मायक्रोटिकमध्ये वायरगार्डचा सर्व्हर असतो. घेण्याआधी कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या माहितीत ‘व्हीपीएन सर्व्हर’ हे शब्द आणि त्याखाली ‘वायरगार्ड’ दिसलं पाहिजे. ‘व्हीपीएन क्लायंट’ म्हणजे वेगळं, आणि ‘व्हीपीएन पास-थ्रू’ तर काहीच नाही. दुकानदार तिन्हींना ‘हो, व्हीपीएन आहे’ म्हणतो.

ओएनटीच्या लॅन पोर्टातून निघालेली वायर नव्या राऊटरच्या वॅन पोर्टात लावा. कंपनीकडून ओएनटी ब्रिज मोडवर करून घेतला तर उत्तम. मग पब्लिक आयपी थेट तुमच्या राऊटरवर येतो. (नेटचं यूजरनेम आणि पासवर्ड आधी विचारून घ्या, ते आता तुमच्या राऊटरमध्ये भरावे लागतील.) ब्रिज करून देत नसतील तर ओएनटीमध्ये यूडीपी ५१८२० हा एकच पोर्ट तुमच्या राऊटरच्या वॅन पत्त्याकडे वळवा. टीसीपी निवडलं तर चालणार नाही, वायरगार्ड फक्त यूडीपीवर बोलतो.

राऊटरचं फर्मवेअर (आतला प्रोग्रॅम) ताजं करा. मग ‘डायनॅमिक डीएनएस’ चालू करा, म्हणजे आयपी बदलत राहिला तरी तुमच्या घराचं एक नाव कायम राहील. त्यानंतर व्हीपीएन सर्व्हरमध्ये वायरगार्ड सुरू करा, बोगद्याचा पत्ता १०.९.०.१/२४ आणि पोर्ट ५१८२० ठेवा. आता ‘अ‍ॅड अकाउंट’ करून एकेका उपकरणासाठी वेगळी किल्ली बनवा: ‘वडिलांचा फोन’, ‘माझा फोन’, ‘लॅपटॉप’. एकच किल्ली दोन फोनांत टाकली तर ते दोघे एकमेकांना ढकलत राहतात आणि ‘कधी लागतं, कधी नाही’ असा न सापडणारा आजार जडतो.

पडद्यावर क्यूआर कोड येईल. स्कॅन करण्याआधी त्याच्या मजकुरात ‘एंडपॉइंट’, म्हणजे फोनने जिथे पोचायचं तो पत्ता, वाचा. तिथे तुमचं डीएनएस नाव, विसर्गासारखे दोन टिंब आणि ५१८२० हवं. तिथे १९२.१६८ किंवा १००.७० असं काही दिसलं तर राऊटरने ओएनटीकडून मिळालेला आतला पत्ताच छापून टाकलाय. तो हाताने बदला. ओएनटी ब्रिज नसेल तेव्हा डायनॅमिक डीएनएसही कधीकधी हीच चूक करतं, तेव्हा ते नाव कुठल्या आयपीला जातंय हे एकदा पाहून घ्या.

दुसरी ओळ ‘अलाउड आयपीज’, म्हणजे बोगद्यातून कुठले पत्ते जाऊ द्यायचे ते (/२४ म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असलेले सगळे पत्ते). त्यात १९२.१६८.४७.०/२४ आणि १०.९.०.०/२४ एवढेच ठेवा. काही राऊटरवर याला ‘होम नेटवर्क ओन्ली’ म्हणतात. ०.०.०.०/० ठेवलं तर फोनचं सगळंच नेट, यूट्यूबसकट, आधी अंबाजोगाईला जाऊन मग बाहेर पडेल आणि घरच्या लाइनचा अपलोड वेग जेवढा तेवढाच तुम्हाला मिळेल.

आता फोनवर वायरगार्ड अ‍ॅप घ्या, अधिकचं चिन्ह दाबा, कोड स्कॅन करा, बटण चालू करा.

दुसरा रस्ता: सीजीनॅट असेल तर टेलस्केल

टेलस्केल ही तयार व्हीपीएन सेवा आतून वायरगार्डच वापरते, पण दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूने बोलवून मध्ये गाठ घालून देते. कुठलाही पोर्ट उघडावा लागत नाही. थेट जोडणी जमली नाही तर माहिती त्यांच्या रिले सर्व्हरमधून जाते. वेग कमी होतो, पण रिलेला मजकूर वाचता येत नाही. वैयक्तिक वापराला ते फुकट आहे. खातं गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या लॉगिनवर चालतं, म्हणजे त्या ईमेलचा पासवर्ड हीच तुमच्या घराची किल्ली. त्यावर दुहेरी पडताळणी नसेल तर आधी ती लावा.

दुकानातल्या विंडोज संगणकावर आणि फोनवर टेलस्केल टाकून एकाच खात्याने आत या. संगणक अ‍ॅपच्या यादीत १००. ने सुरू होणाऱ्या पत्त्यासह दिसेल. संगणकापुरतं काम झालं.

डीव्हीआरवर टेलस्केल टाकता येत नाही, म्हणून संगणकाला त्याच्यासाठी वाट काढून द्यायला सांगावं लागतं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि इंग्रजीत लिहा: टेलस्केल, जागा, सेट, जागा, दोन आडव्या रेघा लागून अ‍ॅडव्हर्टाइज-रूट्स, बरोबरचं चिन्ह, १९२.१६८.४७.०/२४. मग ब्राऊझरमध्ये टेलस्केलच्या अ‍ॅडमिन पानावर जा, त्या मशीनच्या ‘एडिट रूट सेटिंग्ज’मध्ये हाच पत्ता दिसेल, त्याला टिक करा. टिक करायची राहून गेली तर कमांड बरोबर असूनही काहीच होत नाही.

तीन सेटिंग्ज अशा आहेत की त्या विसरल्यात तर महिन्याभरात बस धरून लातूर गाठावं लागेल.

टेलस्केलच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘रन अनअटेंडेड’ चालू करा. नाहीतर लाइट जाऊन आली की संगणक लॉगिनच्या पडद्यावर थांबतो आणि कुणी पासवर्ड टाकेपर्यंत टेलस्केल जोडलं जात नाही.

अ‍ॅडमिन पानावर त्या संगणकाचं ‘की एक्स्पायरी’ बंद करा. मुळात ती १८० दिवसांची असते. दिवाळीत लावलेलं वैशाखात अचानक बंद पडतं आणि कारण सुचत नाही.

संगणकाच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मूळ सेटिंग) ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ हे ‘पॉवर ऑन’ करा, आणि विंडोजमध्ये स्लीप ‘नेव्हर’. लाइट आली की संगणक आपोआप उठला पाहिजे.

संगणकच नसेल तर जुना लॅपटॉप चालतो. झाकण मिटल्यावर ‘डू नथिंग’ निवडा. बॅटरी असल्यामुळे लाइट गेली तरी काही वेळ तग धरतो, पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चोवीस तास चार्जिंगवर ठेवलेली बॅटरी फुगते. बायोसमध्ये चार्जिंगची मर्यादा असेल तर ८० टक्क्यांवर ठेवा.

लाइट आणि ऊन

भारनियमनात व्हीपीएन बंद पडतो तो बहुधा राऊटर बंद पडल्यामुळे. बाजारातला १२ व्होल्टचा छोटा राऊटर-यूपीएस घेताना डब्यावरच्या एमएएचवर जाऊ नका, तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ८८०० एमएएच म्हणजे ८.८ गुणिले ३.७, साधारण ३२ वॅट-तास. गळती वजा जाता २७ धरा. ओएनटी आणि राऊटर मिळून १४ वॅट खात असतील तर दोन तासांच्या आतच खेळ आटोपतो. तीन-चार तास लाइट जाणाऱ्या गावात घरच्या इन्व्हर्टरवरच जोडणी घ्या, आणि इन्व्हर्टरचं बटण ‘नॉर्मल’वरून ‘यूपीएस’वर करा. नॉर्मलवर लाइट पालटताना जो क्षणभर खंड पडतो, तेवढ्यात संगणक रीस्टार्ट होतो.

एवढं करूनही नेट गेलं तर गल्लीच्या खांबावरच्या केबलवाल्याच्या पेटीलाच लाइट नसेल. त्याला तुमचा यूपीएस पुरा पडत नाही.

राऊटर पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. आणि घरापासून गोठ्यापर्यंत किंवा गोदामापर्यंत तांब्याची लॅन वायर उघड्यावरून नेली असेल तर मृगाआधी ती बदलून फायबर टाका. जवळ कुठे वीज पडली तर त्या वायरीतून राऊटरपासून डीव्हीआरपर्यंत सगळं जळतं.

तपासणी आणि बिघाड

फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तपासा. घरच्याच वायफायवर बसून ‘चाललं’ म्हणण्याला अर्थ नाही.

वायरगार्डमध्ये फोनच्या वर किल्लीचं चिन्ह आलं म्हणजे जोडणी झाली असं नाही. समोर कुणी नसलं तरी ते येतं. अ‍ॅपमध्ये बोगद्याच्या नावावर टिचकी मारून आलेल्या-गेलेल्या माहितीचे आकडे बघा. गेलेली वाढतेय आणि आलेली शून्यच, तर तुमची हाक घरापर्यंत पोचत नाही किंवा किल्ली जुळत नाही. पोर्ट, एंडपॉइंट, सीजीनॅट या क्रमाने परत तपासा. दोन्ही आकडे वाढतायत पण डीव्हीआर उघडत नाही, तर दोष घराच्या आत आहे: गेटवे, किंवा दोन्हीकडे सारखंच नेटवर्क.

छोटी पानं उघडतात पण व्हिडिओ किंवा मोठी फाइल अडकते, तेव्हा माहितीची पाकिटं लाइनच्या मापापेक्षा मोठी होताहेत. फोनच्या अ‍ॅपमध्ये ‘एमटीयू’ (पाकिटाचं कमाल माप) १२८० करा. काल चाललं आणि आज नाही, तर रात्री घरचा आयपी बदललेला असू शकतो. बोगदा बंद करून पुन्हा चालू केला की तो नाव नव्याने शोधतो.

शाओमी, व्हिवो, रियलमीच्या फोनांत बॅटरी वाचवण्याच्या नादात फोनच व्हीपीएन बंद करतो. त्या अ‍ॅपची बॅटरी सेटिंग ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ करा. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, म्हणून ऑफिसचा लावला की घरचा सुटतो. तो बिघाड नव्हे.

दुकानातला संगणक पिंगला (जागा आहेस का, या हाकेला) उत्तर देत नाही म्हणून हताश होऊ नका, विंडोजचा फायरवॉल पिंग अडवतो. थेट रिमोट डेस्कटॉप लावून बघा. तो विंडोज प्रोमध्येच मिळतो, होममध्ये नाही. शिवाय ज्या खात्याने आत जायचं त्याला पासवर्ड हवा, रिकामा चालत नाही. शेअर केलेलं फोल्डर पहिल्या रस्त्याने उघडत नसेल तर फायरवॉलमध्ये ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’चा नियम फक्त ‘लोकल सबनेट’ला परवानगी देतो. तिथे १०.९.०.०/२४ वाढवा.

कॅमेऱ्याचं चित्र अडखळत असेल तर डीव्हीआरच्या अ‍ॅपमध्ये ‘सबस्ट्रीम’ (हलकं चित्र) निवडा. फुल एचडीच्या एका कॅमेऱ्याचा मुख्य प्रवाह साधारण ४ एमबीपीएस घेतो, आणि सिमच्या राऊटरला संध्याकाळी तेवढा अपलोड मिळेलच असं नाही.

हे सगळं कायदेशीर आहे का, असंही लोक विचारतात. सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे, सर्ट-इनचे, एप्रिल २०२२ मधले निर्देश आहेत, त्यातला व्हीपीएनचा भाग लोकांना व्हीपीएन सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी आहे, ग्राहकांची नोंद ठेवण्याचं बंधन त्यांच्यावर. स्वतःच्या घरात शिरायला स्वतःच लावलेला बोगदा त्यात येत नाही.

फोन हरवला किंवा मुनीम काम सोडून गेला, तर त्याच दिवशी राऊटरमधून त्या नावाची किल्ली काढा, टेलस्केल असेल तर अ‍ॅडमिन पानावरून ते मशीन काढा. बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. प्रत्येकाला वेगळी किल्ली द्यायची ती याचसाठी.